वाचनालयाच्या साक्षरता उपक्रमांसाठी देणगी कशी मागावी आणि कशी वापरावी

सार्वजनिक वाचनालयासाठी देणगी गोळा करायचे ठरले, की कार्यकारिणीच्या बैठकीत पहिला शब्द उच्चारला जातो तो 'पुस्तके' आणि दुसरा 'इमारत'. दोन्ही गोष्टी डोळ्यांना दिसतात, त्यांच्यावर देणगीदाराचे नाव घालता येते आणि उद्घाटनाचा समारंभही साजरा करता येतो. परंतु कपाटात आलेले पुस्तक आपोआप वाचले जात नाही. ज्या प्रौढ व्यक्तीला अक्षरओळख नाही, ज्या मुलाच्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद नाही, किंवा ज्या आजोबांना बँकेचा अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागतो, त्यांना त्या पुस्तकापर्यंत आणणारा माणूस लागतो आणि त्या माणसाचे नियमित तास लागतात. वाचनालयाला खरी चणचण असते ती या तासांची. म्हणून निधिसंकलनाचा सारा खटाटोप या तासांभोवती कसा रचावा, हे पुढे सांगितले आहे.

या बाबतीतला सर्वांत मोठा धडा सर्वांत मोठ्या देणगीतूनच मिळाला आहे. अमेरिकी पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून 1883 ते 1929 या काळात जगभर 2,509 ग्रंथालये उभी राहिली आणि त्यांपैकी 1,689 एकट्या अमेरिकेत होती. देणगी इमारतीपुरती असे. जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या 10 टक्के इतकी रक्कम दरवर्षी सार्वजनिक तिजोरीतून ग्रंथालय चालवण्यासाठी खर्च करायची, अशी अट होती. अट शहाणपणाची होती, तरी काही गावांनी ती पुढे पाळली नाही, आणि जिथे पाळली गेली तिथेही चांगली इमारत म्हणजे चांगले ग्रंथालय असे समीकरण जमले नाही. ऑल्विन जॉन्सन या अर्थतज्ज्ञांनी कार्नेगी यांनीच स्थापन केलेल्या कार्नेगी कॉर्पोरेशन या दानसंस्थेसाठी या ग्रंथालयांची पाहणी करून अहवाल दिला आणि 1916 च्या त्या अहवालाचा रोख स्पष्ट होता: उणीव इमारतींची नसून प्रशिक्षित ग्रंथपालांची आहे. त्यानंतर लवकरच नव्या इमारतींसाठी अनुदान देणे थांबवण्यात आले. आज एखादे वाचनालय देणगीपत्रकात भव्य सभागृहाचे चित्र छापते, तेव्हा त्याच्या कार्यकारिणीने हा अहवाल निदान आठवावा, असे मला वाटते.

आधी सीमारेषा आखून घ्या

देणगीने काय करायचे हे ठरवण्यापूर्वी, देणगीने काय करायचे नाही हे लिहून काढावे. युनेस्कोने 1949 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा प्रथम प्रसिद्ध केला आणि ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाबरोबर 2022 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली. सार्वजनिक ग्रंथालयाची सेवा तत्त्वतः निःशुल्क असावी आणि ते ग्रंथालय ही स्थानिक व राष्ट्रीय शासनाची जबाबदारी असावी, ही भूमिका त्यात कायम आहे. अर्थात वेतन, वीज, भाडे, नियतकालिके आणि वार्षिक ग्रंथखरेदी हा पायाभूत खर्च सार्वजनिक पैशातून व्हायला हवा. मद्रास प्रांताने 1948 च्या ग्रंथालय कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर लावला, तो याच विचाराने. ग्रंथालय कोणाच्या औदार्यावर अवलंबून राहू नये, हा त्यामागचा हेतू होता.

मग देणगीला जागा कुठे उरते? जिथे सार्वजनिक अंदाजपत्रक धोका पत्करायला तयार नसते, तिथे. नवा उपक्रम चालेल की नाही याची खात्री नसताना, किंवा ज्यांच्या नावे वाचनालयाचे ओळखपत्रही नाही अशा लोकांसाठी, सरकारी खात्यातून पैसा सुटायला वर्षे जातात. देणगीचा पैसा तेवढा वेळ लावत नाही. धोका असा, की देणगी येऊ लागली हे पाहून अनुदान देणारी यंत्रणा हात आखडता घेते, आणि दोन वर्षांनी देणगीदार थांबला की वाचनालयाकडे पहिल्यापेक्षाही कमी पैसा उरतो. त्यामुळे मोहिमेच्या आधीच संबंधित यंत्रणेशी लेखी पत्रव्यवहार करावा आणि देणगी ही चालू तरतुदीच्या जागी नसून तिच्यावरची भर आहे, हे दोन्ही बाजूंच्या इतिवृत्तांत नोंदवून घ्यावे. तोंडी आश्वासन पुढच्या अंदाजपत्रकात कोणाच्याच लक्षात राहत नाही.

बडोदा संस्थानात 1910 पासून सयाजीराव गायकवाडांनी उभारलेली ग्रंथालय योजना या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. गावकऱ्यांनी वर्गणी जमवायची, तितकीच रक्कम स्थानिक पंचायतीने आणि तितकीच संस्थानने घालायची, अशी ती रचना होती. लोकांचा पैसा आला म्हणून सरकारने मागे सरायचे नाही. उलट तो आला म्हणून सरकारने पुढे यायचे. देणगीपत्र लिहिताना आणि अनुदानाचा अर्ज करतानाही हा क्रम डोळ्यांसमोर ठेवावा.

खर्चाचा खरा तक्ता

एका मोहिमेत एकच उपक्रम घ्यावा. गोष्टींचा तास, सुट्टीतले वाचन शिबिर, प्रौढ साक्षरता वर्ग, फिरती पुस्तकपेटी आणि संगणक साक्षरता या सगळ्यांसाठी एकाच पत्रकात पैसे मागितले, तर वाचणाऱ्याला यांपैकी काहीच नीट दिसत नाही. उपक्रमाची निवड वाचनालयात जे येतात त्यांच्यापेक्षा जे येत नाहीत त्यांच्याकडे पाहून करावी. त्यासाठी मोठ्या सर्वेक्षणाची गरज नसते. जवळच्या शाळेतील शिक्षक, आरोग्य केंद्रातील परिचारिका, रात्रपाळी करणाऱ्या कामगारांचा मुकादम आणि स्त्रियांच्या बचत गटाची प्रमुख यांच्याशी तास-तासभर बोलले, तरी कोण वाचनापासून कशामुळे दूर आहे, याचा अंदाज येतो. बहुतेक वेळा कारण 'आवड नाही' हे नसते. वेळ जुळत नाही, अंतर फार आहे, लहान मूल कोणाकडे ठेवायचे हा प्रश्न आहे, किंवा वाचनालयाच्या दारात पाऊल टाकायचाच संकोच आहे, अशी कारणे निघतात.

प्रौढ साक्षरता वर्गाचे उदाहरण घेऊ, कारण खर्चाचा अंदाज सर्वांत जास्त चुकतो तो याच उपक्रमात. सर्वसाधारण तक्त्यात शिक्षकाचे मानधन, पाट्या-वह्या आणि पुस्तके एवढ्या तीन ओळी असतात. प्रत्यक्षात शिक्षकाचा एक तास म्हणजे वर्गातला एक तास आणि तयारीचा जवळजवळ तितकाच वेळ. मानधन दोन्हींचे द्यावे लागते. प्रौढांना शिकवण्याचे प्रशिक्षण वेगळे असते, कारण चाळिशीतल्या माणसापुढे शाळेतले बालगीत ठेवले तर तो दुसऱ्या दिवसापासून येत नाही. वाचनसाहित्य निवडतानाही त्याच्या गरजेपासून सुरुवात करावी लागते: औषधाच्या बाटलीवरची सूचना, बसची पाटी, मुलाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी, मोबाइलवरचा संदेश. एकाच पुस्तकाच्या दहा-बारा प्रती लागतात, आणि एका प्रतीचीच सवय असलेल्या वाचनालयाच्या ग्रंथखरेदीत त्या बसत नाहीत.

याशिवाय एक ओळ अशी आहे, जी जवळजवळ प्रत्येक तक्त्यातून सुटते: चष्मा. चाळिशीनंतर जवळचे अक्षर धूसर दिसू लागते, आणि ज्याने आयुष्यात कधी वाचलेले नाही त्याला आपली नजर अधू झाली आहे हे कळण्याचे कारणच घडलेले नसते. असा विद्यार्थी पुस्तक हातभर लांब धरतो, अक्षरे ओळखता येत नाहीत म्हणून स्वतःला मंदबुद्धी समजतो आणि निघून जातो. वर्गाच्या पहिल्या आठवड्यात डोळ्यांची तपासणी आणि गरज असेल त्याला वाचनाचा चष्मा, हा खर्च तक्त्यात घातला तर गळती कमी होण्यास मदत होते. देणगीदाराला समजावून सांगायलाही ही बाब सर्वांत सोपी आहे, आणि एखादा नेत्रतज्ज्ञ आपल्या सेवेच्या रूपानेच ही देणगी द्यायला तयार होतो.

वर्गाच्या वेळेत मुलांना सांभाळणारी व्यक्ती, संध्याकाळी इमारत उघडी ठेवण्याचा अतिरिक्त पगार, उशिरा सुटणाऱ्या स्त्रियांच्या परतीच्या प्रवासाची सोय आणि हजेरी व हिशेब ठेवणाऱ्याचा वेळ, हे सगळे तक्त्यात यावे. व्यवस्थापनाचा खर्च लपवण्याचा मोह टाळावा. 'आपली प्रत्येक पै थेट विद्यार्थ्यापर्यंत जाईल' हे वाक्य ऐकायला गोड असले, तरी पावत्या फाडणारा, बँकेत जाणारा आणि अहवाल लिहिणारा माणूस त्यात गृहीत धरलेला नसतो. मग त्याच्या कामाचा भार ग्रंथपालावर पडतो आणि नेहमीची देवघेव खोळंबते. एकूण खर्चाला विद्यार्थिसंख्येने भागून एका व्यक्तीचा पूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च काढावा. देणगी मागताना हाच आकडा उपयोगी पडतो.

स्वयंसेवकांवर वर्ग चालवता येणार नाही का, असा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. चालवता येतो, आणि त्याला इतिहासही आहे. फिलिपीन्समध्ये अमेरिकी मिशनरी फ्रँक लॉबाख यांनी 1930 च्या सुमारास सुरू केलेल्या साक्षरता मोहिमेत शिक्षकांच्या पगारासाठी परदेशातून येणारा पैसा आर्थिक मंदीमुळे आटला, तेव्हा जो शिकेल त्याने पुढच्या एकाला शिकवायचे, अशी पद्धत तिथल्या लोकांनीच उचलून धरली आणि ती पुढे अनेक देशांत गेली. तरीही स्वयंसेवकांची निवड, प्रशिक्षण, वेळापत्रक आणि गैरहजेरीत पर्यायी व्यक्ती पाहणारा एक पगारी समन्वयक नसेल, तर पहिल्या दोन महिन्यांचा उत्साह ओसरल्यावर वर्ग बंद पडतो. स्वयंसेवक शिक्षकाची जागा घेऊ शकतो. समन्वयकाची घेऊ शकत नाही.

पैसा कोणाच्या नावे घ्यायचा

हा भाग रुक्ष आहे, पण मोहीम बदनाम होते ती बहुधा इथेच. देणगी स्वीकारण्याचा कायदेशीर अधिकार कोणाला आहे, हे आधी पाहावे. वाचनालय स्वतः नोंदणीकृत संस्था असेल तर तिच्या नावे, आणि ते शासकीय किंवा नगरपालिकेचे असेल तर बहुधा स्वतंत्र न्यासाच्या किंवा 'ग्रंथालय मित्र' मंडळाच्या नावे पैसा घ्यावा लागतो. कोणत्याही पदाधिकाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात, अगदी तात्पुरतीसुद्धा, देणगी घेऊ नये आणि पत्रकावर त्याच्या मोबाइलचा क्यूआर कोड छापू नये. उपक्रमासाठी वेगळे खाते किंवा निदान खतावणीत वेगळे पान असावे, पैसे काढण्यास दोन सह्या लागाव्यात आणि क्रमांक असलेली पावती प्रत्येक देणगीला, कितीही लहान असली तरी, दिली जावी. करसवलत, रोख रकमेची मर्यादा आणि परदेशी देणगी यांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत आणि ते बदलतही असतात. मोहीम जाहीर करण्यापूर्वी लेखापरीक्षकाकडून चालू नियम लेखी घ्यावेत.

विशिष्ट उपक्रमासाठी दिलेली देणगी आणि सर्वसाधारण देणगी यांतला फरक पावतीवरच दिसला पाहिजे. वर्गासाठी आलेला पैसा छताच्या दुरुस्तीला वापरणे हा विश्वासभंग आहे, मग छत कितीही गळत असो. म्हणून मागणीपत्रातच एक ओळ घालावी: 'अपेक्षित रकमेपेक्षा अधिक निधी जमल्यास तो वाचनालयाच्या इतर साक्षरता उपक्रमांसाठी वापरण्यात येईल.' ही ओळ नंतर घालता येत नाही.

मागणी

मराठी माणसाला मागण्याचा संकोच फार, आणि त्यातून ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा प्रकार घडतो. वाचनालयाचा गौरवशाली इतिहास, वाचन संस्कृतीचा ऱ्हास आणि समाजाचे ऋण यांवर दीड पान लिहून झाल्यावर शेवटी 'यथाशक्ती सहकार्य करावे' असे येते. वाचणाऱ्याला किती, कशासाठी आणि कधीपर्यंत यांपैकी काहीच कळत नाही. त्याऐवजी पत्र असे असावे:

'आपल्या वाचनालयात येत्या सहामाहीत वीस प्रौढ व्यक्तींसाठी संध्याकाळचा साक्षरता वर्ग सुरू होत आहे. जागा, वीज आणि ग्रंथपालाचा वेळ वाचनालय देत आहे. शिक्षकाचे मानधन, वाचनसाहित्य, नेत्रतपासणी व चष्मे आणि मुलांच्या सांभाळाची सोय यांसाठी एका विद्यार्थ्यामागे येणारा पूर्ण खर्च सोबतच्या तक्त्यात दिला आहे. आपण एका विद्यार्थ्याचा खर्च उचलावा, अशी आपणांस विनंती आहे. वर्ग संपल्यावर किती जण टिकले, किती जण वाचू लागले आणि पैसा कसा खर्च झाला, याचा अहवाल आपणांस पाठवला जाईल.'

या पत्रात वाचनालय स्वतः काय घालत आहे, हे मागणीच्या आधी येते. ज्याच्याकडे मागायचे त्याला आपण एकटाच भार उचलत नाही, हे दिसले पाहिजे.

कोणाकडे आधी जावे याविषयी अठराव्या शतकातील एक सल्ला आजही तितकाच चालतो. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन यांच्याकडे एका धर्मगुरूने प्रार्थनागृहासाठी वर्गणी कशी जमवावी हे विचारले, तेव्हा त्यांनी सांगितलेला क्रम असा होता: जे नक्की देतील त्यांच्याकडे प्रथम जा, जे देतील की नाही याची शंका आहे त्यांना नंतर भेटा आणि आधी दिलेल्यांची यादी दाखवा, आणि जे मुळीच देणार नाहीत याची खात्री आहे त्यांनाही वगळू नका, कारण त्यांच्यापैकी काहींबद्दलचा अंदाज चुकलेला असेल. वाचनालयाच्या बाबतीत 'नक्की देणारे' म्हणजे कार्यकारिणीचे सदस्य. त्यांनी स्वतः, ऐपतीप्रमाणे का होईना, पहिल्याच दिवशी पावती फाडलेली असावी. ज्या यादीत पदाधिकाऱ्यांचीच नावे नाहीत, ती यादी बाहेरच्याला दाखवता येत नाही.

याच फ्रँकलिन यांनी 1731 मध्ये वर्गणीदारांचे ग्रंथालय काढले, तेव्हा पन्नास सभासदांनी प्रत्येकी 40 शिलिंग सुरुवातीला आणि पुढे दरवर्षी 10 शिलिंग द्यायचे ठरले होते. ते सर्वांना मोफत असे ग्रंथालय नव्हते. पण प्रारंभीची रक्कम वेगळी आणि चालू खर्चाची वेगळी, ही समज त्यात होती. साक्षरता वर्गासाठी दरमहा लहान रक्कम देणारे तीस लोक, एकदाच मोठी रक्कम देणाऱ्या एका देणगीदारापेक्षा मी अधिक मोलाचे मानतो. तीसपैकी दोघे गळले तरी वर्ग चालू राहतो. एकटा देणगीदार गळला तर वर्गाला कुलूप लागते.

मोठा देणगीदार मिळालाच, तर त्याची रक्कम सरळ घेण्याऐवजी जोड-देणगी म्हणून जाहीर करण्याची त्याला विनंती करावी, म्हणजे लोक जितके देतील तितकीच भर तो घालील. डीन कार्लन आणि जॉन लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एका अमेरिकी संस्थेच्या पन्नास हजार जुन्या देणगीदारांना पाठवलेल्या पत्रांपैकी ज्यांत जोड-देणगीचा उल्लेख होता, त्यांत प्रत्येक पत्रामागे मिळणारी रक्कम 19 टक्क्यांनी आणि देणगी देण्याची शक्यता 22 टक्क्यांनी वाढली. मात्र भर दुप्पट किंवा तिप्पट केल्याने त्यापुढे काहीच फरक पडला नाही. तात्पर्य व्यवहाराचे आहे: एकास एक भर पुरेशी असते, आणि दात्याची उरलेली रक्कम पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येते.

संगीताची मैफल, सोडत किंवा पुस्तकप्रदर्शन अशा कार्यक्रमांतून निधी जमवण्याची हौस बऱ्याच ठिकाणी असते. मांडव, ध्वनिक्षेपक आणि पाहुण्यांचा खर्च वजा जाता हाती काय लागते, याचा हिशेब करून मगच त्यात पडावे. असे कार्यक्रम नवे लोक जोडण्यासाठी चांगले. पैशासाठी म्हणून ते बहुधा फार कष्टाचे ठरतात. आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन 8 सप्टेंबरला आणि जागतिक पुस्तक दिन 23 एप्रिलला असतो. त्या दिवशी मैफलीऐवजी वर्गच लोकांसाठी खुला ठेवला, तर खर्च जवळजवळ शून्य असतो आणि येणाऱ्याला आपण कशासाठी पैसे देणार आहोत ते दिसते. अर्थात वर्गातील विद्यार्थ्यांची तयारी असेल तरच हे करावे.

नको म्हणण्याची तयारी

मोहीम सुरू झाली की पैशाआधी पुस्तके येतात. घर आवरताना निघालेली, वाळवी लागलेली, जुन्या अभ्यासक्रमाची मार्गदर्शके, फुकट वाटलेल्या पुस्तिका आणि मासिकांचे गठ्ठे वाचनालयाच्या व्हरांड्यात येऊन पडतात, आणि देणारा त्यावर पावतीची अपेक्षा ठेवतो. प्रत्येक पुस्तक झटकणे, तपासणे, नोंदवणे आणि क्रमांक घालणे यांत जाणारा वेळ पाहिला, तर फुकट आलेले पुस्तक विकतच्या पुस्तकाइतकेच महाग पडू शकते. म्हणून पुस्तकदानाचे धोरण एका पानावर लिहून दारावर लावावे: कोणत्या प्रकारची, किती जुनी आणि कोणत्या स्थितीतील पुस्तके घेतली जातील, न घेतलेल्या पुस्तकांचे काय होईल, आणि घेतलेली पुस्तके ठेवायची, विकायची की इतर वाचनालयांना द्यायची, हा निर्णय वाचनालयाचा राहील. धोरण आधी लावलेले असले, की नकार व्यक्तीला न जाता वस्तूला जातो आणि संबंध टिकतो.

अटींसह येणारी देणगी अधिक नाजूक असते. वर्गाला नाव द्यायला हरकत नाही, पण ते किती वर्षांसाठी हे करारात लिहावे. कोणती पुस्तके ठेवावीत, कोणाला वर्गात प्रवेश द्यावा किंवा कोणता विचार शिकवावा, याविषयीची अट मात्र रक्कम कितीही मोठी असली तरी नाकारावी. ग्रंथनिवड विकली गेली, की वाचनालय सार्वजनिक राहत नाही. देणगीदाराला विद्यार्थ्यांची नावे, पत्ते किंवा त्यांनी नेलेल्या पुस्तकांची यादीही देऊ नये. छायाचित्राबद्दल तर विशेष काळजी घ्यावी. 'अंगठेबहाद्दर आता सही करू लागला' अशा मथळ्याखाली ज्याचा चेहरा छापला जातो, त्याच्या मुलांनाही तो मथळा वाचता येत असतो. संमती लेखी हवी असा नियम सर्वत्र सांगितला जातो. पण ज्याला वाचता येत नाही त्याची सही कागदावर घेण्याला काय अर्थ, म्हणून तो मजकूर त्याला वाचून दाखवावा आणि वर्ग संपल्यावर, त्याला स्वतः वाचता येऊ लागल्यावर, पुन्हा एकदा विचारावे.

वाचन मोजणे आणि पुढची सोय

आभाराचे पत्र आठवडाभरात गेले पाहिजे. अहवालाचे काम वर्गाच्या पहिल्या दिवशीच सुरू होते, कारण सुरुवातीला विद्यार्थी काय वाचू शकत होता याची नोंद नसेल, तर शेवटी प्रगती सांगता येत नाही. अक्षरे, साधे शब्द, एक सोपे वाक्य आणि एक छोटा परिच्छेद अशा चार पायऱ्यांची, पाच मिनिटांत होणारी तोंडी चाचणी पुरेशी असते; तिला परीक्षा म्हणू नये आणि ती चारचौघांत घेऊ नये. त्याच पायऱ्यांवर मध्ये एकदा आणि शेवटी एकदा नोंद घ्यावी. 'इतकी पुस्तके वाटली' हा आकडा अहवालात सर्वांत ठळक दिसतो आणि सर्वांत कमी सांगतो. किती जणांनी नाव नोंदवले, किती जण अर्ध्यावर थांबले व का, किती जण कोणत्या पायरीवरून कोणत्या पायरीवर गेले आणि वर्ग संपल्यावर किती जणांनी वाचनालयाचे सभासदत्व घेऊन स्वतःहून पुस्तक नेले, हे चार आकडे द्यावेत. गळतीचा आकडा लपवू नये. रात्रपाळीमुळे पाच जण थांबले, असे लिहिणाऱ्या वाचनालयाला पुढच्या वर्षी सकाळच्या वर्गासाठी पैसे मागता येतात.

तिसऱ्या वर्षाचा विचार पहिल्याच वर्षी करावा लागतो. ब्रिटनमधील 'बुकस्टार्ट' हा उपक्रम 1992 मध्ये बर्मिंगहॅममध्ये सुमारे 300 बालकांपासून सुरू झाला. आरोग्यसेविका तान्ह्या बाळाच्या तपासणीच्या वेळी पालकांना पुस्तकाची पिशवी देत, आणि त्यात ग्रंथालयाचे निमंत्रण असे. विद्यापीठातील संशोधकांनी त्यांतील काही मुलांचा शाळेत जाईपर्यंत मागोवा घेतला, आणि हातात निष्कर्ष असल्यामुळेच पुढे एका मोठ्या किराणा साखळीचे प्रायोजकत्व आणि त्यानंतर सरकारी निधी मिळवता आला. तो निधीही अक्षय नव्हता. डिसेंबर 2010 मध्ये इंग्लंडमधील सरकारी मदत पूर्ण थांबवण्याची घोषणा झाली आणि पालक, लेखक व ग्रंथपाल यांनी आवाज उठवल्यावर काही दिवसांतच सरकारला माघार घ्यावी लागली. देणगीपासून सार्वजनिक अंदाजपत्रकापर्यंतचा हा प्रवास पुराव्यावर झाला आणि तो टिकला तो लोकांच्या पाठिंब्यावर. निधिसंकलनाच्या काळात जमलेल्या नावांची यादी अशा वेळी पैशाइतकीच उपयोगी पडते.

म्हणून पहिल्या वर्षाच्या अखेरीस अहवालाची प्रत देणगीदारांबरोबरच अनुदान देणाऱ्या यंत्रणेलाही पाठवावी, दुसऱ्या वर्षी समन्वयकाचे निम्मे वेतन अंदाजपत्रकात घेण्याचा प्रस्ताव ठेवावा आणि तिसऱ्या वर्षी पूर्ण वेतनाचा. अंदाजपत्रकाची बैठक नेमकी कधी होते याची चौकशी करून त्याच्या दोन महिने आधी प्रस्ताव पोहोचवावा आणि तो मांडायला पदाधिकाऱ्यांबरोबर वर्गातून बाहेर पडलेले दोन-तीन जण, त्यांची इच्छा असल्यास, यावेत. प्रस्ताव फेटाळला गेला, तर वर्ग मध्येच न तोडता चालू तुकडीचा अभ्यासक्रम पूर्ण करावा. एवढ्यासाठी एका तुकडीच्या खर्चाइतकी रक्कम सुरुवातीपासून बाजूला ठेवलेली असावी. तुकडी संपल्यावर उरलेल्या शिल्लक रकमेचे काय करावे, हे देणगीदारांना पत्र पाठवून विचारावे. मागणीपत्रातील ती एक ओळ तेव्हा कामी येते, तरीही विचारावेच.